नकाशावर बंद

माझ्या धाकट्या भावाला एकसष्टावं लागलंय, डोक्यावर मोजून चार केस उरलेत, आणि तरी मी त्याला बाळ म्हणते. आई म्हणायची, म्हणून मी म्हणते. माझ्यामागे म्हणणारं कोणी नाही, तेव्हा आहे तोवर म्हणून घेते. बाहेरची माणसं त्याला बूटवाले काका म्हणतात. त्याचं लग्न झालंच नाही. माझं झालं आणि तीन वर्षांत आटोपलं. मग मी माघारी आले, दुकानातल्या शिलाई मशीनवर बसले, आणि तिथून अजून उठले नाही म्हणा ना.

दुकान बुटांचं, पण तुम्ही-आम्ही घालतो तसल्या बुटांचं नव्हे. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं पाऊल जन्मतःच आत वळलेलं असतं, कुणाची बोटं अपघातात गेलेली असतात. बाजारातला कुठलाच जोड या लोकांना होत नाही. बाळ त्यांचा पाय कागदावर आखून घेतो, फितीनं अकरा ठिकाणी मोजतो आणि लाकडातून हुबेहूब तसा पाय कोरतो. त्या लाकडी पायाला आम्ही कलबूत म्हणतो. कलबुतावर कातडं ओढायचं, सोल चढवायचा, आखूड पायाच्या बुटाला बुचाचे थर द्यायचे आणि माणूस सरळ उभा करायचा. कातडं शिवायचं काम माझं, बाकी सगळं त्याचं. नवा जोड घालून माणूस गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो तेव्हा बाळ पायाकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. म्हणतो, दुखत असलं तर आधी कपाळावर कळतं.

स्वभावानं गरीब आहे, पण अडून बसला की देव आला तरी हलायचा नाही. त्याच्या या अडून बसण्यापायी माझं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं कशापायी गेलं, तेच सांगायला बसलेय.

दुकानाची मागची भिंत सगळी फळ्यांची आहे आणि फळ्यांवर कलबुतं. तीनशेच्या वर. प्रत्येकाच्या माथ्यावर त्या माणसाचं नाव लिहिलेलं. आणि या सगळ्यावर छतापासून जमिनीपर्यंत एक जाड तपकिरी पडदा. येणारा प्रत्येक जण विचारतो, पडद्यामागे काय आहे? बाळ सांगतो, धूळ.

त्याचं असं झालं. बाळ तेव्हा सोळा वर्षांचा होता, वडील होते आणि पडदा नव्हता. त्यानं एकट्यानं कोरलेलं पहिलं कलबूत एका मुलीचं होतं. विशीतली, देखणी, पायघोळ कपडे घालायची आणि इतकी जपून चालायची की कुणाला पत्ता लागत नसे. एक दिवस कोणीतरी गिऱ्हाईक आलं, गप्पा रंगल्या, आणि आमच्या या दिवट्यानं ते कलबूत फळीवरून काढून कौतुकानं त्यांच्या हातात दिलं. बघा, केवढं अवघड पाऊल, मी कोरलंय! त्यांनी नाव वाचलं. ज्या घरात त्या मुलीचं लग्न ठरलं होतं, त्या घरचे ते शेजारी निघाले. पंधरा दिवसांत लग्न मोडलं. मुलगी दुकानात आली, पायातले बूट काढून टेबलावर ठेवले आणि अनवाणी निघून गेली. बाळनं महिनाभर धड अन्न खाल्लं नाही. मग स्वतः कापड आणून, वाकडातिकडा का होईना, पण स्वतःच्या हातानं तो पडदा शिवला.

तेव्हापासून आमच्याकडे गिऱ्हाइकांची वही नाही. पत्ता नाही, फोन नंबर नाही, काही नाही. वही असली की कुणीतरी ती चाळतं, असं त्याचं म्हणणं. मी किती डोकं आपटलं! अरे, निदान निरोप द्यायला तरी नंबर हवा! तर म्हणतो, त्यांचा पाय माझ्याकडे आहे ताई, जातील कुठे?

पूर्वी लोक एकमेकांना विचारत यायचे. विचारणारे आणि सांगणारे दोघंही म्हातारे होऊन खपायला लागले, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या औषधवाल्यानं आम्हाला नकाशावर चढवलं. फोनमधल्या नकाशावर. आमच्या पाटीवर वडिलांनी रंगवलेला एकच शब्द होता, ‘बूट’. ते त्याला हलकं वाटलं म्हणून त्यानं तिथे चांगलं तीन शब्दांचं भारदस्त नाव ठोकून दिलं. दुकानातला फोन नंबर दिला. माझा मोबाइल मागत होता, तो मी दिला नाही. एकदा मोबाइल नंबर दिला की लोक तोंडात घास असताना फोन करतात. पण खरं सांगते, त्या नकाशानं आमचं दुकान तारलं. कुठून कुठून माणसं यायला लागली.

सरकार तशीच आली. तीन वर्षांची होती. खरं नाव वेगळं आहे, पण पहिल्याच दिवशी बाळच्या स्टुलावर बसून तिनं हुकूम सोडला, “आधी चॉकलेट, मग पाय,” तेव्हापासून ती सरकार. तान्ही असताना खुब्यात पू झाला होता, तेव्हापासून डावा पाय उजव्याइतका वाढत नव्हता. आई तिला घेऊन सात तासांचा प्रवास करून यायची. कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला होती, रजा मिळायची मारामार, म्हणून वर्षातून एकदाच यायची. शाळेला सुट्टी लागली की पहिला सोमवार, ठरलेला.

वाढत्या मुलाला दर वर्षी नवा बूट लागतोच. दोन पायांतला फरक वाढतो, बुचाचा थर वाढवावा लागतो. तिच्या डॉक्टरांनी पहिल्यापासून बजावलं होतं की मोठी झाली की एकदाच ऑपरेशन करू, तोवर हिचा खुबा सांभाळा, तो गेला तर सगळंच गेलं. म्हणजे थोडक्यात काय, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत तिला सरळ चालवत नेणं हे काम बाळचं. आणि त्यानं ते अगदी जिवावर घेतलं होतं. सुट्टीच्या आधी महिनाभर तो तिच्या वाढीचा अंदाज बांधून कलबूत कोरायला घ्यायचा. ती आली की शेवटचा हात फिरवायचा, दोन दिवसांत जोड पायात. मागच्या खेपेला जाताना ती दारातून ओरडून गेली होती, “बूटकाका, पुढच्या वर्षी लाल! आणि फुलं नकोत, फुलं लहान मुलांची असतात!” वय वर्षं आठ.

त्या वर्षी सुट्टीला दोन महिने असताना बाळ आडवा झाला. हर्निया होता, चार वर्षं लपवला होता गाढवानं. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, मुक्काम वाढत गेला.

आता आमच्या दुकानाचा एक जुना नियम आहे. कुलपाच्या आधी पाटी. चहाला दहा मिनिटं गेलो तरी दारावर पाटी लागलीच पाहिजे, आणि ती गल्लीच्या तोंडावरूनच दिसली पाहिजे. धडधाकट माणसाला एक फेरा फुकट गेला तर तो शिव्या देऊन मोकळा होतो. आमच्या माणसाला तो फेरा दोन दिवस दुखतो. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा या माणसानं माझा हात धरून काय विचारावं? “ताई, पाटी लावलीस? आणि नकाशावर?”

दारावरची लावली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून नकाशाची लावायला घेतली. औषधवाल्यानं शिकवलं होतं मला. तिथे दोन पर्याय आले. वर होतं ‘तात्पुरते बंद’. ते दाबलं तर विचारतो, पुन्हा कधी उघडणार, तारीख घाला. डॉक्टर तारखेचं नाव काढू देईनात. मी आत जाऊन बाळला विचारलं, अंदाजानं घालू का एखादी? सलाइन लावलेला माणूस ताडकन उठून बसायला गेला. “खोटी तारीख घालू नकोस. त्या दिवशी कुणीतरी येईल आणि आपण नसू.”

बरं बाबा, म्हटलं. आणि खालचं दाबलं. ‘कायमचे बंद’. फोननं विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मनात काय होतं सांगू? पाटी ती पाटी. लावता येते तशी काढता येते. दार आपलं, पाटी आपली.

चाळीस दिवसांनी बाळ घरी आला. दोन काठ्या, गालफडं बसलेली, पण दुसऱ्याच दिवशी दुकानात. त्याला घाई सरकारच्या लाल बुटांची. सुट्टीला अठरा दिवस उरले होते. त्यानं लाकूड हातात घेतलं, मी दारावरची पाटी काढली आणि मग फोन काढला, नकाशावरची काढायला. तर तो मलाच विचारतो, तुम्ही कोण?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, बंद करताना विचारलं नाहीस मी कोण! रस्त्यावरचा कुणीही येऊन माझं दुकान बंद करू शकतो, आणि उघडायचं म्हटलं तर मी कोण ते सिद्ध करायचं? औषधवाला धावत आला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “ताई, आता पडताळणी करावी लागेल. व्हिडिओ काढून पाठवायचा. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आत धंदा चालतोय ते दिसलं पाहिजे, आणि दुकान तुमचंच आहे म्हणून कुलूप उघडताना हात दिसला पाहिजे. मध्ये कुठे थांबायचं नाही.”

“आणि मग?”

“मग पाच दिवस वाट बघायची.”

काढला. बाळनं कुलूप उघडलं, मी मशीन चालवलं, औषधवाला फोन धरून चोरपावलांनी मागे मागे चालत होता आणि स्वतःच्याच चपलेत अडखळत होता. हसलो आम्ही तेव्हा. सहाव्या दिवशी उत्तर आलं की पडताळणी होऊ शकली नाही. का, ते नाही. फोन करायला नंबर नाही, भांडायला माणूस नाही. सतरा वेळा तेच वाक्य वाचलं मी. शेवटी औषधवाल्यानं कपाळावर हात मारला. नकाशावर त्यानं दिलेलं तीन शब्दांचं नाव, आणि पाटीवर नुसतं ‘बूट’!

पेंटर शोधला. त्यानं आज येतो, उद्या येतो करत चार दिवस खाल्ले. वडिलांच्या अक्षरावर पांढरा रंग फिरवला आणि वर ते भारदस्त नाव लिहिलं. बाळ आत लाकूड तासत बसला होता, बाहेर बघायलासुद्धा आला नाही. दुसरा व्हिडिओ गेला. पुन्हा पाच दिवस. पुन्हा तेच वाक्य, पण या वेळी खाली एक ओळ जास्त होती. व्यवसाय चालू असल्याचा पुरेसा पुरावा दिसत नाही.

“दिसणार कसा?” औषधवाला चिडून म्हणाला. “दुकानात आहे काय? एक टेबल, एक मशीन, दोन म्हातारी माणसं आणि एक पडदा. काका, तो पडदा बाजूला करा. तीनशे पाय भिंतीवर बघितले की कोण नाही म्हणेल?”

“नाही,” बाळ म्हणाला.

“काका, व्हिडिओ कुणी बघत नाही हो. कुठेतरी बसलेला कुणीतरी दहा सेकंद बघतो.”

“बघतो म्हणालास ना? मग नाही.”

“नावं झाकून काढू. पाठ फिरवून ठेवू.”

“नाव झाकलं तरी पाय दिसतो.”

मी बोलले मग. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, तीनशे लोकांच्या अब्रूची राखण करतोस, आणि एका पोरीला वाट सापडेना त्याचं काही नाही? तीन दिवसांवर आलाय सोमवार. ती माय निघायच्या आधी नकाशा बघणार नाही का? तर म्हणतो, “ती सहा वर्षं येतेय ताई. तिला नकाशा कशाला लागतो?”

सोमवारी त्यानं धुतलेला सदरा घातला. लाल बूट टेबलावर ठेवले. काय जोड झाला होता! बुचाचा थर चार बोटांचा, पण त्यानं त्यावर कातडं असं काही ओढलं होतं की पायरी दिसेना. टाके मी दोनदा उसवून पुन्हा घातले होते. स्टुलाशेजारी चॉकलेट. पहिली गाडी अकराला येते, दुसरी दोनला, शेवटची पाचला. पाचच्या गाडीची माणसं गल्लीच्या तोंडावरून पांगली तरी बाळ दाराकडे तोंड करून बसलेला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मला तिच्या गावाचं नाव माहीत होतं, पण गाव लाखभर वस्तीचं. तिथल्या तीन दवाखान्यांना फोन केले. त्यांनी कानावर हात ठेवले. असं कुणाचं नाव-गाव सांगता येत नाही म्हणाले. आता त्यांना काय बोलणार? बाळसारखेच निघाले ते.

शनिवारी मी दुकानात आले तर पडदा उघडा. बाळ खाली बसलेला, मांडीवर कलबूत, हातात कानस. तो नाव घासून काढत होता.

“अरे, काय करतोयस हे?”

“नावं काढतोय. सगळ्यांची. आणि ज्यांचा पाय बघताच ओळखू येईल अशी चाळीस-पन्नास घरी नेऊन ठेवू. मग काढा तुमचा व्हिडिओ.”

“आणि मग कुठला पाय कुणाचा हे तुला कळणार कसं?”

“पाठ आहेत मला.”

चार दिवस कानस चालू होती. लाकडाच्या भुशानं माझं मशीन पांढरं झालं. ऑपरेशन झालेला माणूस, वाकता येत नव्हतं धड, तरी मला एकाला हात लावू दिला नाही. मी तिथेच बसून रडले. पदर तोंडात धरून नाही, चांगली मोठ्यानं रडले. त्यानं मान वर केली नाही.

तिसरा व्हिडिओ गेला. या वेळी नऊ दिवस लागले. मग एका दुपारी औषधवाला रस्ता ओलांडून पळत आला, फोन वर धरून. पडताळणी पूर्ण! नकाशावर आमच्या नावाखाली हिरव्या अक्षरात ‘खुले’. त्यानं मला फोन दाखवला, बाळला दाखवला, पेढे द्या म्हणून मागे लागला. बाळ हसला. मग उठून पडदा लावून घेतला, जरा कष्टानं.

माणसं पुन्हा यायला लागली. पण पाठ असलेले पाय सगळे पाठ नव्हते. एक जुने मास्तर आले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. बाळ पडद्याआड गेला तो अर्धा तास बाहेर येईना. मी आत गेले तर चार कलबुतं पुढ्यात घेऊन बसलेला, चारही उजवी, चारही सारखी वाकलेली. “यांतलं कुठलं ग?” मला विचारतो. मला कुठे ठाऊक! शेवटी मास्तरांचं माप नव्यानं घेतलं. मास्तर म्हणाले, होतं असं, वय झालं. बाळ त्यांच्याकडे बघून मान हलवत राहिला. असं पुढे चार-पाच वेळा झालं, आणि प्रत्येक वेळी तो थोडा कमी बोलायला लागला.

लाल बूट टेबलावरून हलले नाहीत. मी दर शनिवारी पुसत होते. त्यानं मला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मीच म्हणायचे, माझ्या हातून झालं रे. तो म्हणायचा, तारीख घालू नको म्हणालो तो मी. मोबाइल नंबर दिला नाहीस ती तू, वही ठेवली नाही तो मी. असं आम्ही दोघं बसून आपसांत वाटणी करायचो. वाटून काही कमी होत नव्हतं.

आठ महिन्यांनी, मंगळवारी, दोनच्या गाडीनं ती आली.

आधी आई दिसली. मग तिच्या मागे कुबड्यांचा आवाज. सरकार दोन कुबड्यांवर होती. वीतभर उंच झालेली, अंगानं वाळलेली. डावा पाय गुडघ्यात दुमडलेला आणि अधांतरी, जमिनीला टेकतच नव्हता. पायात बूट नव्हता, नुसता मोजा. बाळ उठून उभा राहिला. नेहमीसारखं तिचं स्टूल पुढे ओढलं.

आई खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात, हकीकत सांगावी तसं सांगत होती. “निघायच्या आधी गाडीची वेळ बघायला नकाशा उघडला काका, तर कायमचं बंद. मला वाटलं, तुम्ही गेलात. त्याआधीही दोनदा फोन लावला होता, नुसता वाजत होता. म्हणून माझी खात्रीच पटली. मग आमच्याच गावात एक जण मिळाला. त्यानं तयार बुटालाच खालून जाड पट्टी चिकटवून दिली. हिला पहिल्या दिवसापासून तो जड जायचा. कंबर दुखते म्हणायची. मी म्हणायचे, होईल सवय. चौथ्या महिन्यात शाळेच्या जिन्यात ती पट्टी सुटली.”

“पडली?” मी विचारलं.

“अकरा पायऱ्या. खुबा सरकला. बांधून ठेवला होता तीन महिने. आता पाय खाली येतच नाही. डॉक्टर म्हणाले, आधीचा बूट कुणी केला होता, त्यांना विचारा. म्हणून परत नकाशात नाव घातलं, तर उघडं दिसलं.” ती हसली जराशी. “मला इतका आनंद झाला काका, तुम्ही आहात बघून.”

सरकारची नजर टेबलावर गेली होती. “माझे?” तिनं विचारलं. बाळनं मान हलवली. तिनं एक बूट उचलला, आत हात घालून बघितला, उलटा करून सोल बघितला. “फुलं नाहीत,” म्हणाली. “मी सांगितलं होतं तसेच केलेत.”

बाळ तिच्यापुढे खाली बसला. दोन्ही हातांनी तिचा डावा पाय धरला, अगदी हळू, आणि खाली आणायला गेला. ती ओरडली नाही. पण तिच्या कपाळावर मी बघितलं, आणि बाळनंही बघितलं. त्यानं पाय सोडला नाही, नुसता धरून बसला. फितीला हात लावला नाही, कागद काढला नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं या दुकानात माणूस येऊन बसला आणि बाळनं माप घेतलं नाही, असं कधी झालेलं मला आठवत नाही. पण जो पाय जमिनीला टेकणारच नाही, त्याला बूट कसला करायचा?

मला ते बघवेना. मी म्हणून टाकलं. “नकाशावर बंद मी केलं होतं.”

आईनं माझ्याकडे बघितलं.

“बाळ दवाखान्यात होता. तुमचा फेरा फुकट जाऊ नये म्हणून मी बंद लिहिलं. मग मला ते काढताच आलं नाही. तुम्ही येणार होतात त्या सोमवारी आम्ही दोघं इथेच होतो, हे बूट घेऊन. दिवसभर होतो.”

मला वाटलं ती आता बोलेल. बोलावं, शिव्या घालाव्यात, माझ्या थोबाडीत द्यावी, असं फार वाटत होतं. मग तिनं पर्स उघडून रुमाल काढला, लेकीचं तोंड पुसलं, लेकीच्या तोंडाला काही लागलं नव्हतं तरी.

“बरं,” ती म्हणाली. “झालं ते झालं. आता आहात ना तुम्ही. माप आज घेणार, का पुन्हा आणू हिला? पुन्हा कधी आणू, काका?”

बाळनं मान वर केली ती माझ्याकडे. तिच्याकडे नाही. तो पाय अजून त्याच्या हातात होता. सांगायचं त्याला होतं, पण ते त्याच्यानं होणार नव्हतं. मग मीच सांगितलं.

“आणू नकोस,” मी म्हटलं.